कोटिंगनंतर परत परत उमटणारे डाग : वरचा, आतला की खालचा?

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे बाटलीतून येणारा आणि रंगावर वाळून कडक होणारा पारदर्शक थर, घरीच करून गाडी पोर्चमधून बाहेर काढली की पहिले दोन दिवस शेजारी थांबून बघतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी पोर्चचा दिवा लावावा, तर बोनेटवर काहीतरी दिसायला लागतं. कुठे गोल पांढरट कडा, कुठे तेलकट हात फिरल्यासारखा पट्टा. ओल्या फडक्याने पुसलं की जातं, वाळलं की परत हजर. मग माणूस बाटलीला शिव्या देतो, बाटली विकणाऱ्याला फोन करतो, तो म्हणतो तुमचं लावायचं चुकलं. आपण पॉलिश मशीन काढतो, सगळं खरवडतो, नवी बाटली मागवतो. महिन्याभराने पुन्हा तोच कार्यक्रम.

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरच्या पोर्चमध्ये मी हा कार्यक्रम तीन वेळा केला. गाडी काळी, म्हणजे सगळं उघडं. पहिला प्रयोग मे महिन्यात, दुसरा जुलैत, तिसरा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. तिन्ही वेळा डाग आले आणि तिन्ही वेळा मी ते एकच समजून एकच उपाय केला. प्रत्यक्षात तीन वेगवेगळी दुखणी होती आणि मी तिन्हीला एकच गोळी देत होतो. चौथ्यांदा बाटली उघडण्याआधी आठ दिवस नुसता टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरलो, तेव्हा कुठे उलगडा झाला.

म्हणून डाग दिसला की आधी एवढंच ठरवा: तो कोटिंगच्या वर बसलाय, कोटिंगच्या आत आहे, की कोटिंगच्या खाली, रंगातच आहे? वरचा धुऊन जातो. आतल्यासाठी तेवढाच तुकडा काढून परत लावावा लागतो. खालच्याला मात्र कितीही महाग बाटली आणली तरी कोटिंग काही करू शकत नाही, उलट त्याला पारदर्शक झाकण घालून जपून ठेवतं.

आधी ओळख परेड

गाडी धुवा, पूर्ण कोरडी करा आणि सावलीत घ्या. उन्हात निदान करू नका. भर उन्हात ओरखडे दिसतात, पण कोटिंगचे जाड राहिलेले पट्टे हमखास लपतात. पांढऱ्या उजेडाचा टॉर्च घ्या आणि पत्र्यावर सरळ न मारता तिरका धरा, पहाटे खिडकीतून येणाऱ्या तिरिपेसारखा. नजर उजेडाच्या ठिपक्यावर नको, त्याच्या कडेला ठेवा.

आकार बघा. थेंबाएवढे गोल, कडेला पांढरी रेघ आणि मध्ये रिकामं असेल तर ते पाण्याचे डाग. वितभर लांबीचा काळपट किंवा इंद्रधनुषी पट्टा, आणि त्याची दिशा आपण कोटिंग लावताना हात जसा फिरवला तशीच असेल, तर तो हाय स्पॉट, म्हणजे पुसायचं राहून तिथेच वाळलेलं जादा कोटिंग. टॉर्चच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ते ओरखडे, आणि ते बहुतेक वेळा कोटिंगच्या आधीपासूनचे असतात.

मग स्पर्श. दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवा, हातात घाला आणि बोटं अलगद फिरवा. प्लॅस्टिकमधून खरखर जास्त जाणवते. खरखर लागली तर वर काहीतरी बसलंय. गुळगुळीत लागूनही डाग दिसतोय तर तो आत किंवा खाली.

शेवटी सिरका. स्वयंपाकघरातला साधा पांढरा सिरका आणि तेवढंच पाणी. मायक्रोफायबरचा तुकडा त्यात भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवा. पत्रा गार हवा आणि गाडी सावलीत हवी. डाग गेला तर तो वरचा होता, गोष्ट संपली. नाही गेला तर पुढे वाचा. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड मात्र चुकूनही नको. आमच्या गल्लीत एकाने ते केलं होतं. डाग गेले आणि त्यासोबत खिडकीखालच्या पट्टीची चमकही गेली.

वरचा डाग : बोअरचं पाणी

सांगलीत निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे. गाडी धुवायला आपण नळाचं पाणी वापरत नाही, ते प्यायचं असतं. बोअर चालू करतो. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि विरघळलेली सिलिका (वाळू-काचेतलं द्रव्य) घेऊनच वर येतं.

ऑनलाइन चार-पाचशे रुपयांना टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर मिळतं, तेवढं घ्या. माझ्या नळाला 240 च्या आसपास आकडा आला, बोअरला 1140. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. पण ते पिण्यासाठी. आपलं पोट धुऊन-पुसून चकचकीत दिसायची गरज नसते. गाडीच्या शेवटच्या पाण्यासाठी आकडा शंभराच्या खाली असेल तर उत्तम. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका आपल्याला झोपेतही पाठ असतो, तसं मी मीटरचं ठरवून ठेवलंय: 200 ला इशारा, 500 ला धोका.

हिशेब सोपा आहे. धुऊन झाल्यावर गाडीवर साधारण अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरा. माझ्या बोअरच्या पाण्यात तेवढ्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार जात नाहीत. चिमूटभर मिठाएवढी पूड गाडीवर शिंपडल्यासारखंच ते, आणि तेही आठवड्यातून दोनदा.

आता गंमत अशी, की कोटिंग केलेल्या गाडीवर हे डाग जास्त उठून दिसतात. साध्या रंगावर पाणी पसरतं, क्षारांचा पातळ थर सगळीकडे सारखा बसतो आणि गाडी नुसती मळकट वाटते. कोटिंगवर पाणी टपोऱ्या थेंबांत गोळा होतं, प्रत्येक थेंब जागेवरच आटतो आणि सगळे क्षार त्या चिमुकल्या वर्तुळात सोडून जातो. व्हिडिओमध्ये बघून आपण ज्या थेंबांवर भाळतो, तेच थेंब उन्हात वाळू दिले की डाग देतात. कोटिंगमुळे पाण्याचे डाग पडत नाहीत असं कुणी सांगत असेल तर त्याच्या घरी नळाला कृष्णेचं पाणी चोवीस तास येत असावं.

दुसरी चूक मी स्वतः केली आणि काटकसर म्हणून छाती फुगवून केली. बोअरवर चालणाऱ्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुवायचो. पाण्याचा एक थेंब फुकट जाऊ नये हा संस्कार. पण आरओ करतं काय? समजा, निम्मं पाणी गाळून पुढे दिलं, तर त्याचे जवळपास सगळे क्षार मागे उरलेल्या निम्म्या पाण्यात जातात. म्हणजे त्या बादलीत बोअरच्या जवळजवळ दुप्पट क्षार. मीटर बुडवलं तेव्हा 1900 च्या वरचा आकडा बघून मी बादलीकडे आणि बादली माझ्याकडे बघत राहिली. ते पाणी पोर्चची फरशी धुवायला वापरा.

शेवटच्या पाण्यासाठी पर्याय असे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचंच असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. उन्हाळ्यात दोन रात्रींत बादली भरते. स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी चालतं, मात्र पहिल्या सरीचं नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारा डिस्टिल्ड पाण्याचा 5 लिटरचा कॅन बोनेट, टप आणि डिकी एवढ्याला पुरतो. पूर्ण गाडी त्यानेच धुवायची गरज नाही. शाम्पू आणि पहिलं पाणी बोअरचं असलं तरी चालेल, फक्त ते वाळायच्या आत शेवटचा हात या पाण्याचा फिरला पाहिजे आणि लगेच कोरड्या टॉवेलने टिपून घेतलं पाहिजे. सकाळी ऊन यायच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर धुवा.

रोज सकाळी ओलं फडकं मारून जाणारा मुलगा ठेवला असेल तर त्याच्याशी एकदा नीट बोला. एका बादलीत आणि एका फडक्यात तो गल्लीतल्या सहा गाड्या पुसतो. आपल्या गाडीपर्यंत पोचेपर्यंत त्या फडक्यात पाच गाड्यांची माती असते. मी आमच्या मुलाला महिन्याचे पैसे तेच ठेवून सांगितलं, बाळा, तू फक्त काचा आणि चाकं पुस. त्याला आधी वाटलं मी त्याच्यावर रागावलोय.

सिरक्याने जे गोल डाग जात नाहीत त्यांची दोन कारणं असतात. एक, क्षार उन्हात इतके दिवस राहिले की त्यांनी कोटिंगला बारीक खळगा पाडला. आता वर काही नाही, खड्डा आहे. दुसरं, सिलिकाचा डाग. सिलिका सिरक्यात किंवा लिंबूसत्वात विरघळत नाही. कोटिंगही मुळात त्याच जातीचं असल्यामुळे ती तिथे घट्ट बसते. दोन्हीला उपाय एकच: हलकं फिनिशिंग पॉलिश, तेवढ्याच जागी.

पाण्याचे थेंब गोळा व्हायचे बंद झाले

हाही वरच्याच डागाचा भाऊ, फक्त डाग दिसत नाही. लोक म्हणतात कोटिंग सहा महिन्यांत उडालं. बहुतेक वेळा ते उडालेलं नसतं, बुजलेलं असतं. डिझेलची काजळी, रस्त्याचं तेलकट, बोअरचे क्षार, आणि आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या चिपाडाची काळी राख. नोव्हेंबर ते मार्च सकाळी उठावं तर टपावर बारीक काळे कण. ते कोरड्या फडक्याने झटकणं म्हणजे स्वतःच्या हाताने सँडपेपर मारणं. आधी पाण्याने वाहवून टाका.

तपासायला अर्धं बोनेट घ्या. नेहमीचा न्यूट्रल शाम्पू, मग थोडा तीव्र, अल्कलाइन शाम्पू, मग सिरक्याचं पाणी, आणि प्रत्येकानंतर भरपूर पाणी. त्या अर्ध्यात थेंब परत गोळा झाले आणि उरलेल्या अर्ध्यात नाही झाले, तर कोटिंग शाबूत आहे. नवी बाटली मागवू नका.

आणखी एक. सर्व्हिसिंगला गाडी दिली की शेवटी वॉशिंगवाला प्रेमाने पॉलिश मारून देतो. ते बहुतेक सिलिकॉनचं किंवा मेणाचं असतं. आठ दिवस चमकतं आणि कोटिंगवर चिकट थर ठेवून जातं. गाडी देतानाच कागदावर लिहून द्या: धुवायची, पॉलिश नको.

आतला डाग : हाय स्पॉट

हा पूर्णपणे आपल्या हाताचा गुन्हा. बाटलीत रसायन असतं, त्यातला द्रावक उडून जातो आणि उरलेलं हवेतल्या ओलाव्याशी जुळून कडक होतं. वाळल्यावर थर जेमतेम 1 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास राहतो. कंपनीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे लॅकर, 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, त्यापुढे हे अगदी पातळ. इतक्या पातळ थरात एखाद्या जागी दुप्पट माल राहिला की डोळ्याला वेगळा रंग दिसतो. बाटलीवर 9एच लिहिलेलं असतं, तो पेन्सिलीच्या चाचणीतला कडकपणा आहे. त्याचा अर्थ दगड लागला तर खरचटणार नाही असा नाही.

लावल्यावर काही सेकंदांत इंद्रधनुषी तवंग येतो, घाम आल्यासारखे सूक्ष्म ठिपके दिसतात. तेव्हा पुसायचं. हा वेळ 30 सेकंदांपासून 2-3 मिनिटांपर्यंत काहीही असू शकतो, आणि सगळी गोम इथेच आहे. बाटलीवर छापलेला वेळ 20-25 अंश आणि मध्यम ओलावा गृहीत धरून असतो. आपला मे महिना त्यांनी बघितलेला नसतो.

मे महिन्यात दुपारी 4 ला, सावली आहे म्हणून, मी पोर्चमध्ये सुरुवात केली. पोर्चवर पत्रा. हवा 38 अंश आणि बोनेट त्याहून गरम. बोनेट किती तापलंय बघायला घरात कोरोनातलं कपाळावर रोखायचं थर्मामीटर होतं. ते 42 च्या पुढे गेलं की नुसतं ‘हाय’ दाखवतं. हाय स्पॉटची पूर्वसूचना म्हणावी तर तीच होती, मला कळली नाही. टेकवलेलं कोटिंग 20 सेकंदांत चिकट झालं, कापड अडकायला लागलं, मी जोर लावला, पट्टे राहिले.

जुलैत गारवा होता म्हणून मी निर्धास्त होतो. पण हवेत ओलावा इतका, की वर सांगितलेली जुळणी आणखी वेगाने झाली. तवंग दिसायच्या आतच माल धरला. उष्णता आणि दमटपणा दोन्ही वेळ कमी करतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं. थंडीत भल्या पहाटे उलट होतं: वेळ लांबतो, आपण घाईने पुसतो आणि कोटिंग तिथून निघूनच येतं.

माझ्या अनुभवात सांगलीत धरण्यासारखा काळ म्हणजे पावसाळा सरल्यानंतरचा ऑक्टोबर आणि मग डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी 9 ते 11. त्यातही चिपाडाची राख येते म्हणून मी चौथ्या वेळी कुपवाड एमआयडीसीत मेहुण्याचा रिकामा गाळा एक रविवार मागून घेतला, शटर अर्धं खाली, पंखा बंद. वासाने डोकं चढतं, म्हणून अर्धं उघडं, आणि रसायनाच्या वाफेसाठीचा मास्क व नायट्राइलचे हातमोजे घातलेलेच. पोर्चमध्ये करणार असाल तर आदल्या रात्री फरशी धुऊन घ्या, म्हणजे धूळ बसते.

तळहात बोनेटवर ठेवून दहा सेकंद निवांत राहिला पाहिजे. चटका तर सोडाच, उबदारपणाही नको. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून मोठा तुकडा घेऊ नका. बोनेटचे मी सहा भाग करतो. कोटिंग लावायच्या ठोकळ्यावरच्या कापडावर सुरुवातीला 8 थेंब, नंतर प्रत्येक भागाला 4-5. आडवा हात, मग उभा हात. जास्त माल ओतला म्हणजे जास्त संरक्षण असं नसतं. जादा सगळं पुसूनच टाकायचं असतं. एका हॅचबॅकला 30 मिलिलिटरची बाटली पुरून उरते.

पुसायला दोन कापडं. पहिलं अगदी हलक्या हाताने माल सपाट करतं, दुसरं कोरडं असतं, ते चमक काढतं. पहिलं कापड दोन-तीन भागांनंतर भिजतं आणि भिजलं की पुसायच्या ऐवजी परत लावायला लागतं. माझे अर्धे हाय स्पॉट याच कंजूषपणाचे होते: सगळ्या गाडीला तीन कापडं. आता दहा घेतो. वापरलेली कापडं धुऊन परत वापरू नका, त्यांत माल कडक होतो आणि पुढच्या वेळी तीच ओरखडे पाडतात.

प्रत्येक भाग झाला की तिरका टॉर्च. मग दहा मिनिटांनी परत तोच भाग. दाराच्या हँडलखाली, आरशाच्या मुळाशी आणि नावाच्या अक्षरांभोवती बोट घालून बघा, माल तिथे साचतो.

आता राहिलाच पट्टा, तर घड्याळ बघा. तासाभराच्या आत असाल तर त्याच जागी ठोकळ्यावर ताज्या मालाचे दोन थेंब घेऊन फिरवा. त्यातला द्रावक खालचा थर मऊ करतो, लगेच पुसून सपाट करा. काही तास उलटले असले तरी एकदा हे करून बघा, जमलं तर जमलं. दुसरा दिवस उजाडला असेल तर हे नको. मऊ फोमच्या पॅडवर फिनिशिंग पॉलिश, हाताने, वितभर जागेत. पट्टा गेला की अल्कोहोलच्या पाण्याने (प्रमाण पुढे दिलंय) पुसा आणि तेवढ्याच जागेला परत कोटिंग. अख्खं बोनेट काढायची गरज नसते. मी तीनदा काढलं.

आतलाच, पण वेगळा : कुंकू

तिसरं कोटिंग दसऱ्याच्या पाच दिवस आधी केलं. ते काम खरंच बरं झालं होतं. खंडेनवमीला आईने गाडीची पूजा केली: बोनेटवर ओल्या बोटाने कुंकवाचा स्वस्तिक, झेंडूची माळ, वर नारळाचं पाणी. मी म्हटलं, अगं आई, आठवडा झाला नाही अजून. ती म्हणाली, सणाला गाडी कोरडी ठेवतात होय?

पहिले 12 ते 24 तास कोटिंगला पाणीही लागू द्यायचं नसतं आणि साधारण आठवडाभर शाम्पू किंवा दुसरं रसायन नको, कारण ते अजून पूर्ण आवळलेलं नसतं. त्या काळात वर पडलेला रंग थरात उतरतो. धुतल्यावर स्वस्तिकाची लालसर छाया राहिली. सिरका लावला तर ती पिवळी झाली! हळदीत चुना मिसळून केलेलं कुंकू आंबटाने पुन्हा हळदीच्या रंगावर येतं. म्हणजे कुंकू अस्सल होतं, आणि हळदीच्या पेठेत राहून दुसरं काय अपेक्षित होतं. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून मी गाडी रोज उन्हात लावली. दहा-बारा दिवसांत छाया निम्म्याहून कमी झाली. उरलेली काढायला मी परत मशीन लावलं. ते घाईचं होतं, आणखी पंधरा दिवस थांबायला हवं होतं. दसरा किंवा पाडवा जवळ असेल तर कोटिंग सणानंतर करा, किंवा पूजा चाकाची आणि नंबरप्लेटची करायला घरच्यांना पटवा. दुसरा मार्ग अवघड आहे.

खालचा डाग

प्रत्येक वेळी एकाच दारावर, एकाच जागी डाग येत असेल तर कोटिंगचा नाद सोडा आणि त्या दाराचा इतिहास काढा. ते कधी डेंटिंग-पेंटिंगला गेलं होतं का? रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. पोलादी पत्र्यावर कंपनीचा रंग बहुधा 100 ते 150 मायक्रॉन दाखवतो. 200 च्या वर गेला तर दुसरा हात बसलाय, आणि पाचशे-हजार दाखवलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलीये. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही.

गॅरेजमध्ये नुकत्याच मारलेल्या रंगातून द्रावक कित्येक आठवडे बाहेर येत असतो. त्यावर कोटिंगचं झाकण घातलं की धुरकट छटा येते. किमान महिना, जमलं तर दोन-तीन महिने थांबा. आमच्या ओळखीच्या पेंटर मिस्त्रींची कसोटी: पत्र्याला नाक लावून वास येतोय तोवर हात लावू नका.

दुसरी खालची भानगड म्हणजे पॉलिशचं तेल. पॉलिश मारल्यावर ओरखडे गेल्यासारखे दिसतात, पण काही ओरखडे गेलेले नसतात, तेलाने भरलेले असतात. त्यावर कोटिंग केलं तर कोटिंग तेलावर बसतं. महिन्या-दोन महिन्यांत तेल निघून जातं, ओरखडे वर येतात आणि तिथे पाणीही नीट गोळा होत नाही. उपाय म्हणजे अल्कोहोलचं पाणी. मेडिकलमधलं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी तीन भाग, म्हणजे साधारण साडेसतरा टक्के होतं. सगळी गाडी पुसा, मग टॉर्च मारा. ओरखडे परत दिसले तर परत पॉलिश. इथे कंटाळा केलात तर बाकी सगळं फुकट.

त्याआधीची धुलाई थोडक्यात: शाम्पू, डांबराचे ठिपके काढायचं द्रव, लोखंडाचे कण काढायचं द्रव (ते जांभळं होत ओघळतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो, घाबरू नका), मग क्ले, म्हणजे रंगावर रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. क्ले खाली पडली तर ती टाकून द्या, उचलून परत फिरवू नका. आणि त्या दिवशी टायरला किंवा डॅशबोर्डला सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, त्याचे तुषार पत्र्यावर बसतात आणि कोटिंग तिथे माशाच्या डोळ्यासारखं फाकतं.

2019 च्या महापुरात उभी राहिलेली गाडी असेल तर एक विशेष सूचना. दाराच्या रबरात आणि पट्ट्यांखाली अजूनही गाळ निघतो, हरिपूर रोडच्या एका मित्राच्या गाडीतून गेल्या वर्षी निघाला. पॉलिश मशीन फिरताना तो कण पॅडखाली आला की अर्धवर्तुळाकार खोल रेघ पडते. आधी सगळे सांधे ब्रशने काढा.

किती वेळा खरवडायचं

कडक रबिंग कंपाऊंडने एका फेरीत साधारण दोन-चार मायक्रॉन लॅकर जातो, नवशिक्याच्या हातात कडेला त्याहून जास्त. उन्हापासून रंगाला वाचवणारं द्रव्य त्या लॅकरमध्येच असतं. म्हणून डाग वरचा असेल तर मशीनला हात लावायचा नाही, आतला असेल तर वितभर जागेत हलकं पॉलिश, आणि खालचा असेल तर आधी मोजायचं, मग ठरवायचं.

मी मोजमाप चौथ्या वेळी केलं, म्हणजे तीनदा खरवडून झाल्यावर. गाडीभर आकडे 105 ते 115. पेट्रोलच्या झाकणाजवळच्या कडेला 88. तिथे रुपयाएवढा एक खळग्याचा डाग अजून आहे, टॉर्च तिरका धरला की दिसतो. त्याला मी आता हात लावत नाही. आईला दाखवला, तर म्हणाली, मग पुढच्या दसऱ्याला कुंकू तिथेच लावते.